बुडीत लीगमधल्या खेळाडूंची सही केलेली कार्डं: इथे कोणी जमवतं का?

पाकीटबाज

काल टपालात माझ्याच अक्षरातलं, माझ्याच पत्त्यावरचं एक पाकीट आलं. बायको म्हणाली, "आलं बघ, तुझं तुलाच पत्र." चौदा महिन्यांपूर्वी मीच तिकीट लावून पाठवलेलं परतीचं पाकीट ते. आत १९८४ सालचं टॉप्सचं (खेळाडूंची कार्डं छापणारी कंपनी) एक कार्ड, त्यावर निळ्या शार्पी मार्करने सही, सहीखाली जर्सीचा नंबर. आणि माझ्याच पत्राच्या पाठकोऱ्या बाजूला बॉलपेनने तीन ओळी: "दोन कार्डं पाठवली होतीस. एक ठेवून घेतलं. माझ्याकडे हे नव्हतंच. नातवाला दाखवलं."

गृहस्थ आता सत्तरीला टेकलेत. नाव लिहीत नाही, ते काही आता प्रसिद्ध व्यक्ती नाहीत. खेळायचे लाइनमन म्हणून. (एमएसईबीचा नव्हे. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे भिंतीसारखे उभे राहून समोरच्यांना थोपवतात, ते.) आणि हो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, अंडाकृती चेंडूवाला. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येणार.

हे खूळ लागलं कसं, ते सांगतो. न्यू जर्सीत २०११च्या उन्हाळ्यात शेजारच्या गल्लीत गराज सेल होता. मी गेलो होतो बागेला पाणी घालायचा पाइप बघायला. टेबलावर एक छोटा खोका, आत कार्डं. मालक म्हणाला, "१३२चा संच आहे, पण चार काढून विकलीत. उरलेली पाच डॉलरला ने." ती चार कोणती हे मला घरी येऊन कळलं: जिम केली, स्टीव्ह यंग, रेजी व्हाइट आणि हर्शेल वॉकर. म्हणजे पेटीतले आंबे काढून घेऊन मला पेंढा दिला होता. गेली काही वर्षं मी त्या पेंढ्यावर सह्या गोळा करतोय. पाइप राहिलाच.

लीग होती युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग, यूएसएफएल. न्यू ऑर्लिन्सच्या डेव्हिड डिक्सन यांचं साधं गणित होतं. एनएफएलचा, म्हणजे तिथल्या मुख्य लीगचा, हंगाम शरदातला, त्यामुळे वसंतात मैदानंही रिकामी आणि टीव्हीही रिकामा. मग तेव्हा खेळवा की! १९८३ला १२ संघ, १९८४ला १८, १९८५ला १४, आणि पुढे काही नाही. मालकांना घाई झाली. १९८६पासून शरदातच, एनएफएलच्या नाकासमोर खेळायचं ठरलं आणि सोबत एनएफएलवर मक्तेदारीचा खटला ठोकला. जुलै १९८६मध्ये ज्युरी म्हणाली, होय, एनएफएल दोषी आहे, नुकसानभरपाई एक डॉलर. त्या कायद्यात भरपाई तिप्पट मिळते, म्हणून तीन डॉलर. पुढे व्याज धरून ३ डॉलर ७६ सेंटचा चेक निघाला, तो आजतागायत कोणी वटवलेला नाही. १९८६चा हंगाम झालाच नाही. आमच्या न्यू जर्सीच्या संघाचे, जनरल्सचे, मालक तेव्हा कोण होते ते तुमचं तुम्ही शोधा. इथे लिहिलं तर धागा राजकारणाच्या सदरात हलवतील.

तर प्रश्न असा की इथे आणखी कोणी असलं काही जमवतं का? यूएसएफएल, डब्ल्यूएफएल, एक्सएफएल, एएएफ, कुठलीही गाशा गुंडाळलेली लीग चालेल.

कोथरूडकर_नाना

जो खेळ हाताने खेळतात त्याला फुटबॉल म्हणायचं हे अमेरिकनांनाच सुचू जाणे. तुम्ही आधीच सांगितलंत तरी लिहितो, राहवत नाही.

चौदा महिने म्हणजे आमच्या सोसायटीच्या कन्व्हेयन्स डीडपेक्षा लवकर आलं म्हणायचं.

आता मुद्द्याचं. अनोळखी माणसाला पत्र लिहायचं, कार्ड आपलं, पाकीट आपलं, परतीचं तिकीटही आपलं, आणि तो माणूस असा की त्याच्या आळीतही त्याला कोणी ओळखत नसेल. यात मिळतं काय? विकायला काढलं तर किती येतील? पुण्याचा असल्यामुळे विचारतोय, हलके घ्या.

वाखु_ताई

वाखु (वाचनखूण) साठवली. पत्रात नक्की काय लिहिता ते टाका ना. आणि पाकिटात पाकीट कसं मावतं?

पाकीटबाज

नाना, विकायला काढलं तर पिझ्झाची एक स्लाइस, फार तर दोन. नावाजलेल्यांचं वेगळं, पण ते माझ्याकडे नाहीतच.

ताई, पत्र हाताने लिहितो आणि एका पानात आटोपतो. "मी तुमचा लहानपणापासूनचा चाहता" असलं काही लिहीत नाही, कारण १९८४ला मी सांगलीत दुसरीत होतो आणि खोटं लिहिलेलं म्हातारी माणसं बरोब्बर ओळखतात. त्यांचा संघ, एखादा सामना, आणि हे कार्ड माझ्याकडे कसं आलं, एवढंच लिहितो. गराज सेल आणि पाइपची गोष्ट सगळ्यांना आवडते. सोबत एकाच कार्डाच्या दोन प्रती आणि "एक तुमच्यासाठी" अशी ओळ. (दुसऱ्या प्रतीसाठी मग आणखी एक खोका विकत घ्यावा लागला. त्यात आंबे होते. त्याबद्दल घरी काही सांगितलेलं नाही.)

बाहेरचं पाकीट लांबोडकं, परतीचं तिघडी करून आत. त्यावर फॉरेव्हर तिकीट, म्हणजे मधल्या काळात दर वाढले तरी तेच चालतं. माझ्या चौदा महिन्यांत वाढलेच. कार्ड पातळ प्लॅस्टिकच्या खोळीत, खोळ दोन पुठ्ठ्यांच्या मधे. टॉपलोडर, म्हणजे कडक प्लॅस्टिकची खोळ, घालायचा मोह टाळायचा. पाकीट वाकत नाही, मग ते छाटणीच्या यंत्रात अडकतं आणि जादा आकारही पडतो. माझं एक कार्ड असंच यंत्राने चावून परत दिलंय. सही शाबूत, पण माणसाच्या मांडीवर आडवी घडी.

निम्म्याहून थोडी जास्त उत्तरं येतात. काही पाकिटं "पत्ता बदलला" म्हणून तशीच परत येतात. एकदा मुलीचं पत्र आलं होतं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, कार्ड ठेवून घेऊ का, असं विचारलं होतं. आणि पाकिटात वडिलांच्या जुन्या, वटलेल्या चेकवरची सही कापून घातली होती. चेक कशाचा होता तेही कापलेल्या तुकड्यावर दिसत होतं: गवत कापायच्या यंत्राची दुरुस्ती. ते कार्ड आणि तो तुकडा मी वहीत एकाच खणात ठेवलाय.

मिशिगनची_मनू

अखेर माझ्या आवडीचा धागा! पण मी आंबेवाली हो. मला पेंढ्यात रस नाही. :)

थोडी भर घालते. १९८३चं पहिलं विजेतेपद आमच्या मिशिगन पँथर्सचं, फिलाडेल्फिया स्टार्सवर २४–२२. बॉबी हेबर्टने फेकायचं आणि अँथनी कार्टरने झेलायचं. १९८४चा टॉप्सचा संच पाकिटांमधून सुटा विकलाच नव्हता, अख्खा १३२चा खोकाच मिळायचा. संघ शहरांच्या आद्याक्षरांनुसार लावलेत. म्हणून कार्डांचे क्रमांक असे: केली ३६, यंग ५२, व्हाइट ५८ आणि वॉकर ७४. १८ संघांत १३२ कार्डं वाटली म्हणजे संघामागे सरासरी सातच येतात! प्रत्येक संघातले कितीतरी जण कार्डाविनाच राहिले. पाकीटबाज, तुमच्या लाइनमनकाकांचं कार्ड निघालं हेच मोठं भाग्य.

आता जमवणाऱ्यांतला जुना वाद. हा संच खोक्यातून आला, वर एनएफएलचा नाही, म्हणून यादीवाले याला 'रुकी' (खेळाडूचं पहिलं कार्ड) न म्हणता 'एक्सआरसी' म्हणतात. म्हणजे खऱ्या पहिल्या कार्डाच्याही आधीचं. यंग आणि व्हाइटचं एनएफएलमधलं रुकी कार्ड १९८६च्या टॉप्सचं, केलीचं १९८७चं. बारशाच्या आधीच मुंज झाली म्हणा ना.

आणि सावध राहा. १९८४च्या या चौघांच्या कार्डांच्या नकलाही फिरतात आणि सह्यांच्याही. रेजी व्हाइट २६ डिसेंबर २००४ला गेले, वय अवघं ४३. त्यामुळे "नुकतीच घेतलेली" सही कोणी दाखवली तर नमस्कार करून निघायचं. ते सहीखाली बायबलमधल्या वचनाचा क्रमांक लिहायचे, आणि नकलाकारांनाही ते पाठ आहे. नव्वदीच्या दशकात एफबीआयने खोट्या सह्यांचा धंदा उघडा पाडला, 'ऑपरेशन बुलपेन' नाव त्याचं. त्या मालात काय सापडावं? मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉल!

कोथरूडकर_नाना

मदर तेरेसा आणि बेसबॉल. हे वाचून चहा सांडला. विकत घेणाऱ्याला निदान एवढं तरी वाटायला हवं होतं की त्यांच्या हातात तो चेंडू दिला कोणी?

पाकीटबाज

मनूताई, शंभर टक्के. म्हणूनच मी पेंढ्यात सुखी आहे. माझ्या लाइनमनची खोटी सही कोण कशाला करेल? खोटी करायला जेवढा वेळ लागेल तेवढ्याचीही वसुली नाही. जिथे भाव नाही तिथे भेसळ नाही.

पण आंबा-पेंढा सोडून एका माणसाबद्दल लिहायलाच हवं: सॅम मिल्स. उंची ५ फूट ९ इंच, आणि या खेळात लाइनबॅकरसाठी (बचावातला, समोरच्यांना पाडणारा) ती फारच कमी. एनएफएलने घेतला नाही. आमच्या न्यू जर्सीत, ईस्ट ऑरेंजच्या शाळेत, फोटोग्राफी शिकवत होते. यूएसएफएल निघाली म्हणून स्टार्समध्ये जागा मिळाली. पुढे एनएफएलमध्ये बारा हंगाम काढले. २००५ला कॅन्सरने गेले, आणि २०२२ला हॉल ऑफ फेममध्ये आले. ती तीन वर्षांची लीग निघाली नसती तर हा माणूस शाळेच्या डार्करूममध्येच राहिला असता. त्यांची सही माझ्याकडे नाही. आता टपालाने मिळणं शक्य नाही, आणि विकत घ्यायचं धाडस होत नाही.

सरळमार्गी

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. परक्या माणसाचा घरचा पत्ता शोधून काढायचा आणि त्याच्या दारात पत्र टाकायचं, हे मला खटकतं. चाळीस वर्षांपूर्वी तीन वर्षं खेळला म्हणून त्याने जन्मभर सह्या करत बसायचं? शिवाय या खेळात डोक्याला मार बसतो, म्हातारपणी हात थरथरतात, असं वाचलंय. अशा माणसाला पेन हातात धरायला लावायचं?

पाकीटबाज

सरळमार्गी, राग कसला. हा विचार मीही केलाय आणि माझ्याकडे छापील उत्तर नाही. मी पाळतो ते एवढंच की एकदाच पत्र, आठवण करायची नाही. आलं तर आलं. कोणाचा पत्ता इतरांना द्यायचा नाही. (परवापासून तिघांनी मला व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, करून पत्ते मागितलेत. मिळणार नाहीत, क्षमस्व.) आणि आलेली सही विकायची नाही, कारण त्यांना दहा पत्रांतलं एक जरी बाजारात दिसलं तरी ते उरलेल्या नऊ जणांना उत्तर द्यायचं बंद करतात. त्यांचं बरोबरच आहे.

थरथरत्या हातांबद्दल. माझ्याकडे एकाच माणसाच्या दोन सह्या आहेत. एक मला बाजारात मिळालेल्या जुन्या कार्डावरची, बहुतेक ऐंशीच्या दशकातली. आडनावाचं शेवटचं अक्षर गोफणीसारखं फिरवून फेकलेलं. दुसरी २०१९ची, त्यांनी मला पाठवलेली. यात प्रत्येक अक्षर सुटं आणि सावकाश, शाळेत पाटीवर गिरवल्यासारखं. दोन्ही शेजारी ठेवल्या की मी फार वेळ बघत नाही. पण त्यांनी सोबत संघाचं जुनं स्टिकरही घातलं होतं, मी मागितलेलं नसताना. म्हणून त्रास दिला की आनंद दिला, हे मला खरंच ठरवता येत नाही.

शाईबहाद्दर

पेनाबद्दल कोणी बोलत नाही म्हणून आलो. जुन्या कार्डाचा पुठ्ठा खरखरीत, तो शाई पितो. त्यावर शार्पी मस्त बसते. नव्या गुळगुळीत कार्डांवर मात्र शाई थांबत नाही. उपाय घरात आहे: बेबी पावडर. बोटाच्या टोकावर चिमूटभर घ्यायची, हलक्या हाताने पूर्ण कार्डावर फिरवायची, मऊ फडक्याने पुसायची. चकाकीवरचा तेलकटपणा जातो. कॅरमवाल्यांना वेगळं सांगायला नको.

निळी की काळी? निळी. काळी सही छापील वाटते, शिवाय गडद जर्सीवर बुडते.

पाकीटबाज

शाईबहाद्दर, तुम्ही २०१९ला कुठे होतात? एएएफ नावाची लीग त्या वर्षी ९ फेब्रुवारीला सुरू झाली आणि २ एप्रिलला बंद पडली. दहा आठवड्यांचा हंगाम आठव्यातच संपला. खेळाडूंना घरी जायचं विमानाचं तिकीटही स्वतःच्या खिशातून काढावं लागल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. टॉप्सने तिचीही कार्डं काढली होती. म्हणजे लीग गेली आणि दुकानात पुडे राहिले. मी उत्साहाने सहा पाठवली, पावडर न लावता. पाच आली. सगळ्यांच्या सह्या मण्यामण्यांच्या, तेलकट तव्यावर पाणी शिंपडल्यासारख्या. एका बिचाऱ्याने तर आपलीच सही अंगठ्याने फरपटवली होती आणि शेजारी "सॉरी" लिहिलं होतं. आता वाटतं, सगळ्यांत भारी कार्ड तेच आहे.

बोरिवलीचा_बंड्या

एक्सएफएल! २००१ला आम्ही कुस्तीसाठी टीव्हीला चिकटलेलो असायचो, म्हणून नाव माहीत. कुस्तीवाल्या विन्स मॅकमेहनने एनबीसी वाहिनीला हाताशी धरून काढलेली, आठ संघ, एकच हंगाम. त्यात पाठीवर आडनावाऐवजी टोपणनाव लिहायला परवानगी होती आणि लास व्हेगासच्या रॉड स्मार्टने लिहिलं होतं 'ही हेट मी'. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी तिथेच मैदानात उतरून 'हेट्स' करायला लावलं असतं. त्याचं सही केलेलं कार्ड कोणाकडे आहे का?

मिशिगनची_मनू

माझ्याकडे आहे, टॉप्सच्या २००१च्या एक्सएफएल संचातलं. पण नुसती सही आहे, 'ही हेट मी' लिहिलेलं नाही. लिहिलेलं असलं की लगेच भाव वर जातो. व्याकरणाच्या चुकीला एवढा भाव कुठेच मिळत नसेल. हा माणूस पुढे कॅरोलायना पँथर्सकडून सुपर बोलमध्येही (एनएफएलचा अंतिम सामना) गेला, नुसता नमुना नव्हता.

अवांतर: १९८४चा ॲरिझोना रँग्लर्सचा संघ म्हणजे १९८३चा शिकागो ब्लिट्झ आहे. दोन मालकांनी जवळजवळ अख्खे संघच आपापसांत बदलले! नावं आणि गावं जागेवर, माणसं इकडची तिकडे. त्यामुळे त्या कार्डांवर सही मागताना पत्रात कुठल्या संघाचं कौतुक करायचं हे नीट बघा. मी एकदा चुकले होते. उत्तर आलं, पण सहीखाली मोठ्या अक्षरांत 'ब्लिट्झ'.

अलाबामाकर

सगळे यूएसएफएलवरच अडकलेत. आमच्या बर्मिंगहॅमचा किस्सा ऐका. त्याच्याही आधीची लीग, वर्ल्ड फुटबॉल लीग. १९७४ला सुरू, ऑक्टोबर १९७५ला हंगाम अर्ध्यावर टाकून बंद. गॅरी डेव्हिडसन नावाच्या माणसाने काढली. बास्केटबॉल आणि आइस हॉकीतल्या प्रतिस्पर्धी लीगही त्याच्याच. टचडाउनला (चेंडू समोरच्यांच्या टोकापर्यंत नेला की) सहाऐवजी सात गुण द्यायचे.

५ डिसेंबर १९७४, लीजन फील्ड, अंतिम सामना. बर्मिंगहॅम अमेरिकन्सनी फ्लोरिडा ब्लेझर्सना २२–२१ असं हरवलं. ब्लेझर्सच्या पोरांना कित्येक आठवडे पगारच मिळालेला नव्हता, तरी एका गुणाने हरले! आणि जिंकणाऱ्यांचं काय झालं? सामना संपल्यावर शेरीफची माणसं आली आणि गणवेश जप्त करून घेऊन गेली. कपड्यांचं बिल थकलं होतं. जगज्जेते, आणि अंगावरचा शर्ट सावकाराचा.

जमवणाऱ्यांची पंचाईत ही की टॉप्सने या लीगचा संच काढलाच नाही. लॅरी झोंका, जिम कीक, पॉल वॉरफिल्ड हे एनएफएलच्या मायामी संघातले मोठे लोक १९७५ला या लीगच्या मेम्फिस संघाकडून खेळायला गेले होते, पण मेम्फिसच्या जर्सीतलं त्यांचं तेव्हाचं टॉप्सचं कार्ड मिळणार कुठून? मग लोक स्वतःच बनवतात. जुना फोटो, त्या काळच्या कार्डासारखी चौकट, मागे आकडे. मॅट कागदावर छापायचं आणि सहीला पाठवायचं. खेळाडूंना फार आवडतं. ज्याचं आयुष्यात एकही कार्ड निघालं नाही, त्याला त्याचं स्वतःचं कार्ड टपालाने घरी येतं.

पाकीटबाज

अलाबामाकर, हा प्रतिसाद वरच्या मूळ लेखात घालायला हवा. स्वतः बनवायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पगाराच्या गोष्टीत आमचा लॉस अँजेलिस एक्स्प्रेसही मागे नाही. १९८४ला स्टीव्ह यंगबरोबर ४ कोटी डॉलरचा करार केल्याचं जाहीर झालं, त्यातले बहुतेक पुढे कैक वर्षं वार्षिकीतून द्यायचे. आणि १९८५ला त्याच संघाच्या बसवाल्याने आधी रोख द्या, मग बस हलवतो म्हणून अडवल्याचा किस्सा आजही सांगतात. खेळाडूंनी वर्गणी काढली म्हणे. आमच्या सांगलीच्या क्रिकेट क्लबात अगदी हेच व्हायचं, चार कोटींचा भाग सोडून.

मडगांवची_माया

आमच्या गोंयात फुटबॉल म्हणजे पायानेच खेळायचा, तरी येते मधे. :) नीट बुडायलाही आधी सुरू व्हावं लागतं. बंगालची प्रीमियर लीग सॉकर आठवते का कोणाला? २०१२च्या जानेवारीत लिलाव झाला. क्रेस्पो ८ लाख ४० हजार डॉलर, शिवाय कान्नाव्हारो, पिरेस, फाउलर. आम्ही वेडे झालो होतो. एकही सामना झाला नाही. त्या लीगचं कार्ड असतं तर ते जगातलं सगळ्यांत दुर्मीळ ठरलं असतं.

पण पिरेस २०१४ला खराच आला, एफसी गोवाकडून, प्रशिक्षक झिको. फातोर्ड्याच्या स्टेडियमबाहेर माझ्या भावाने त्याची सही घेतली, तिकिटाच्या मागच्या बाजूला. ते तिकीट आईने कपड्यांबरोबर धुतलं. आता नुसता निळसर डाग आहे. पण घरात सगळ्यांना सांगतो की हा पिरेस.

शाईबहाद्दर

बॉलपेन असतं तर राहिलं असतं. जेल पेन असणार. पुलेशु, म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, तुमच्या आईला.

कोथरूडकर_नाना

तीन दिवस हा धागा वाचतोय आणि एक गोष्ट लपवून ठेवली होती. आता राहवत नाही.

२०१२ला आपल्याकडेच अमेरिकन फुटबॉलची लीग निघाली होती. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. त्यात पैसे घालणाऱ्यांत तिकडचे, एनएफएलमधले नावाजलेले कर्ट वॉर्नर आणि माइक डिटका होते. सामने आधी खेळून, चित्रित करून मग टीव्हीवर दाखवले. आणि विजेते कोण? पुणे मराठाज! पुण्यात किती जणांना माहितीय? माझ्या वाड्यात एकालाही नाही, आणि वाड्यात माहीत नाही म्हणजे पुण्यात माहीत नाही.

माझा भाचा त्या संघात होता. आधी रग्बी खेळायचा, म्हणून निवडला. राखीवमध्ये होता, पण होता. आता बँकेत आहे. हेल्मेट अजून माळ्यावर, ताई त्यात कांदे ठेवू का विचारते.

पाकीटबाज

नाना!! तीन दिवस गप्प बसलात? मला त्याची सही हवी. कार्ड मी बनवतो. एखादा फोटो पाठवा, जर्सीतला, कसाही चालेल. अडीच बाय साडेतीन इंच, मॅट कागद. फाइल मी इथून तयार करून पाठवतो, तुम्ही तिथे छापून घ्या.

कोथरूडकर_नाना

फोटो व्यनि केलाय. मागे कोणाचा तरी डबा दिसतोय, तो काढा.

भाच्याला फोन केला. म्हटलं, अमेरिकेतल्या एका माणसाला तुझी सही हवी आहे. तो दोन मिनिटं गप्प. मग म्हणतो, "मामा, जामीन राहायचं असेल तर आत्ताच सांग."

पाकीटबाज

फाइल पाठवली. मागच्या बाजूला उंची, वजन, जागा आणि 'विजेता संघ, २०१२' असं घातलंय. डबा काढलाय. चौकट १९८४च्या टॉप्सवरून प्रेरित, कोणी खटला करू नये.

वाखु_ताई

पुढे काय झालं? नाना?

कोथरूडकर_नाना

अहवाल देतो.

छापखानेवाला म्हणाला, दोन कार्डांसाठी यंत्र चालू करत नाही, कमीत कमी शंभर. मी म्हटलं व्हिजिटिंग कार्डाच्या मापात बसव, तर म्हणे ते अर्ध्या इंचाने अरुंद, डोकं कापलं जाईल. अर्धा तास घासाघीस केली. शेवटी शंभरच छापली. कागद मॅट आहे, तरी शाईबहाद्दरांवर विश्वास ठेवून पावडर लावली. भाचा म्हणाला, कार्डाला बाळाचा वास येतोय.

सही पहिल्या कार्डावर बँकेतल्यासारखी केली, वर तारीख आणि खाली एक आडवी रेघ. मी म्हटलं, अरे चेक नाही हा. मग दुसऱ्यावर जरा मोकळ्या हाताने केली आणि खाली आपणहून नंबर घातला. नंबर त्याला अजून पाठ होता. दोन्ही तुम्हाला पाठवलीत. पुठ्ठ्यांच्या मधे, टॉपलोडर नाही.

कोरी दोन त्याने घेतली. एक ताईने देवघरात ठेवलंय असं कळतं. उरलेली ९६ माझ्या कपाटात आहेत. ज्यांना हवं असेल त्यांनी मला व्यनि करावा आणि मग स्वतःचा पत्ता लिहिलेलं, पाच रुपयांचं तिकीट लावलेलं पाकीट कोथरूडला पाठवावं. तिकीट नसलेल्या पाकिटाला उत्तर मिळणार नाही. दुपारी एक ते चार पोस्टमनला दार उघडलं जात नाही.